आतलं जुनं बिऱ्हाड

आक्का, तुला आई म्हटल्याचं मला आठवत नाही. तंबाखूच्या वखारीतल्या सगळ्या बायका तुला आक्का म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायची, आणि तू मला कधी टोकलं नाहीस. आता मी तुझ्यापेक्षा कितीतरी म्हातारी आहे. टिळकवाडीत राहते. कॉलेजात जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, आणि स्वतःच्या मानेत गाठ आली तर दुखत नाही म्हणून लक्ष दिलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. साखर आधीच वाढलेली होती, त्यात ही भर. शेवटी कॅम्पातल्या डॉक्टरांनी गाठीत सुई घालून तपासायला पाठवलं आणि सांगितलं, टीबी आहे, पण गाठीचा. कुणाला लागायचा नाही, सहा महिने गोळ्या घ्या. मग छातीचा फोटो उजेडाला धरून त्यांनी फुप्फुसातला एक पांढरा ठिपका दाखवला. हा मात्र फार जुना, म्हणाले, लहानपणीचा असावा. घरात कुणाला होता का?

तू निपाणीच्या घरी सोप्यात अंथरूण धरलंस, ते वर्ष मला लख्ख दिसतं. औषधं तेव्हाही होती, पण जरा बरं वाटलं की तू वखारीत जायचीस आणि औषध सुटायचं. तुझं ताट वेगळं, तांब्या वेगळा. मी उंबऱ्यापाशी आले की तू भिंतीकडे तोंड फिरवतेस. एकदा शाळेत पहिली आल्याचं सांगायला मी धावत आत शिरले, तर हाताला लागली ती वाटी तू माझ्या पायाशी फेकलीस. "हितं यायचं न्हाय म्हटलं न्हवं तुला? माझ्या तोंडाफुडं येऊ नगंस." मग तू जाईपर्यंत मी आत आलेच नाही. पुढे कारण कळलं, मी शिकवायचे तेच तर होतं, पण कारण कळलं म्हणून राग जात नाही. आईनं मला कधी जवळ घेतलं नाही, हे मी नवऱ्याला आणि लेकीला इतक्यांदा ऐकवलं की त्यांना ते पाठ झालं.

हा जंतू मी फळ्यावर किती वेळा काढला असेल. तो श्वासातून आत येतो, आपलीच एक पेशी त्याला गिळते, पिशवीत कोंडते आणि वर आम्ल सोडायला निघते. इथं तो मरायला हवा. पण त्याला सगळं कळतं. आम्लाची चाहूल लागली, हवा कमी पडली, की तो वागणं बदलतो. आम्लाची वाट अडवतो, गिळणाऱ्या पेशीचीच चरबी खातो, वाढणं जवळजवळ थांबवतो आणि तिथंच बिऱ्हाड करून राहतो. मुलं विचारायची, मॅडम, किती दिवस? मी म्हणायची, माणूस जगेल तितके. पोरं हसायची. आता आरशापुढं गाठीवर बोट ठेवलं की अंगावर काटा येतो. माझं लग्न झालं, बाळंतपण झालं, नवरा गेला, तेव्हा हे आत बसून अंदाज घेत होतं की हिचा पहारा अजून कडक आहे का. साखरेनं तो ढिला पडला, हे रिपोर्ट यायच्या आधी त्याला ठाऊक होतं. परवा दुपारी स्वयंपाकघरात एकटी असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "हायस व्हय अजून?" मी अशी बोलत नाही आक्का, कॉलेजात गेल्यापासून बोललेली नाही.

हा रोग बहुतेकदा रोजच्या, जवळच्या, बंद जागेतल्या श्वासातून लागतो. सोप्यात तर तू मला फिरकू दिलं नाहीस. मग कुणाचा श्वास? तेव्हा वखार आठवली, तू अंथरूण धरायच्या आधीची. मी शाळेतून थेट तुझ्याकडे येते, बायका तंबाखू चाळताहेत, भुकटी माझ्या डोळ्यात जाते आणि मी भोकाड पसरते. तू मला मांडीवर ओढतेस, पदराचा बोळा करून त्यात तोंडानं ऊब भरतेस आणि डोळ्यावर धरतेस, पुन्हा पुन्हा. तुला खोकला आहेच, भुकटीनं तिथं सगळ्याच खोकतात. तुझा चेहरा इतका जवळ आहे की दिसत नाही, नुसता गरम श्वास लागतो. हे मी पार विसरले होते. डॉक्टर म्हणतात, इतक्या वर्षांनी कुणाकडून आलं ते कसं सांगणार, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. तू मला जवळ घेतलं होतंस आणि तो ठिपका तेव्हाचा आहे. भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर आनंदही होतो.

गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या आहेत. लेकीनं पुण्याहून फोन करून विचारलं, सुरू केल्यास ना? मी हो म्हणाले. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगते. खरं तर त्या सकाळी पहिल्या गोळ्या तळहातावर घेऊन मी बराच वेळ बसले, आणि परत पाकिटात ठेवल्या. तुझं म्हणून जिवंत असं एवढंच उरलं होतं. दुसऱ्या दिवशी घेतल्या, आता रोज घेते. पण तो एक दिवस मी तुला ठेवून घेतलं.