नावाड्याचं आमंत्रण आणि हाजींची जपमाळ

प्रिय सनिय्याताई हिस,

धाकट्या इन्साफचा सलाम आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांची वेगवेगळी विचारपूस (डाव्याची जरा जास्त, तो जुना दुखणेकरी). भाऊजींचा खोकला आणि गच्चीवरची कबुतरं आपापल्या जागी असतील अशी आशा करते. इकडे अलेक्झांड्रियात आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोनच केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला थांबता येत नाही. म्हणून हे पत्र तुमच्या तंता गावाला येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे.

तुझ्या मेहुण्यांनी बंदरावरच्या कस्टममध्ये जन्मभर दुसऱ्यांच्या पेट्या उघडल्या. आता निवृत्त झाल्यावर त्यांना स्वतःची पेटी उघडायची आहे. त्यासाठी ‘आतला दिवा’ नावाचं मंडळ निघालं असून ते दर मंगळवारी भरतं. कुठे? माझ्या दिवाणखान्यात! त्या सोनेरी खुर्च्यांवर मी स्वतः लग्नापासून धड बसलेले नाही, पाहुण्यांसाठी प्लास्टिक घालून जपल्या. आता त्या भिंतीकडे तोंड करून शिक्षा झाल्यासारख्या उभ्या असतात आणि मंडळी जमिनीवर. गुरू म्हणजे उस्ताद रऊफ. हे पूर्वी क्लबात पोहायला शिकवायचे, आता खोलात उतरायला शिकवतात. सगळे डोळे मिटून बसतात, मग एकेक जण मनातलं बाहेर काढतो आणि इतर जण मान डोलावतात. मी स्वयंपाकघरातून ऐकते, कारण चहा मीच करते. इथे सगळ्यांचा अहंकार गळून पडतो म्हणतात, पण चहात साखर मात्र प्रत्येकाला वेगळी लागते.

इथवर मी सोसलं. पण गेल्या महिन्यात उस्तादांनी नावाड्याच्या आमंत्रणावर बंदी घातली. अब्बा हसायचे आठवतं ना? नाव नदीच्या मधोमध, काठावरचा माणूस येणार कसा, म्हणून नावाडी खुशाल ओरडतो, ‘या की जेवायला!’ उस्ताद म्हणाले, आपलं सगळं आयुष्य असल्या आमंत्रणांनी पोकळ झालंय. आता जे मनात असेल तेच बोला, आणि समोरचा बोलेल तेही खरंच माना. इतरांनी मान डोलावली आणि घरी जाऊन विसरले. पण आमच्या ह्यांना नियम दिला की संपलं (जन्म कस्टममध्ये गेलाय). दुसऱ्याच दिवशी जिन्याखाली दरवान अब्दुल मौगूद घेवड्याची उसळ खात बसला होता. तो रिवाजाप्रमाणे म्हणाला, “या साहेब, दोन घास खा!” हे बसले. दोन नाही, पुष्कळ खाल्ले. बिचारा नंतर आमच्याच दारात येऊन विचारत होता, “बाई, साहेबांचं घरी काही बिनसलंय का?”

आता मुख्य गोष्ट. तू जमवलेल्या स्थळाकडची मंडळी, हाजी बय्यूमी, त्यांच्या बेगम हाजिया फौकिय्या आणि मुलगा तामेर, गेल्या शुक्रवारी तंत्याहून आली. बोलणी होऊन फातिहा वाचायचा, म्हणजे आमच्या निस्माचं लग्न ठरलं, एवढंच उरलं होतं. (तिला तामेर मनापासून आवडलाय, ताई. सकाळपासून पोरीने तीनदा ओढणी बदलली होती.) मी ह्यांच्या हाती ट्रे पाठवला. त्यात पुदिन्याचा चहा होता आणि पहाटे उठून केलेली शेवयांची, पाकातली कुनाफा. हाजिया म्हणाल्या, “अय्या, नको नको, कशाला त्रास!” आता कुठलीही शहाणी बाई पहिल्यांदा हेच म्हणणार. तिसऱ्यांदा आग्रह झाला की ती कप उचलते. हे म्हणाले, “बरं,” आणि ट्रे जसाच्या तसा आत आणून ठेवला. मी दातओठ खात विचारलं, तर म्हणतात, “नको म्हणाल्या. मी कोण त्यांना खोटं ठरवणारा?”

मी ट्रे घेऊन धावले, तोवर बाहेर पुढचा अंक सुरू झाला होता. हाजींच्या हातात त्यांच्या वडिलांची अंबरी मण्यांची जपमाळ होती. ह्यांनी कौतुक केलं, “सुंदर आहे.” हाजी म्हणाले, “तुमचीच समजा!” हे म्हणाले, “आभारी आहे,” आणि खिशात घातली. ताई, कुनाफाचा पाक थिजल्याचं मला ऐकू आलं. हाजींचा अंगठा रिकाम्या बोटांवरून फिरत राहिला. फातिहा राहिला, चहा राहिला, “कळवतो” म्हणून मंडळी उठली. निस्मा तेव्हापासून खोलीत आहे.

मी भांडले. इतकी भांडले की वरच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला, त्यांना नीट ऐकायचं होतं. हे शेवटी बाजेवर बसले आणि हळूच म्हणाले, “इन्साफ, बंदरावर रोज कुणी ना कुणी म्हणायचं, ‘साहेब, सगळं तुमचंच आहे, हवं ते घ्या.’ मी कधी काडी घेतली नाही. वाटलं, निदान एकदा घेऊन बघावं, खरंच देतात का.” ह्या माणसावर चिडावं की त्याला जवळ घ्यावं, मला कळेना. मी दोन्ही केलं, आधी चिडून घेतलं.

भाऊजींना सलाम, कबुतरांना दाणा.

तुझी,
इन्साफ

ता. क. आता पत्राचं खरं कारण. सोबत बिस्किटांचा डबा आहे, तळाशी कागदाखाली जपमाळ आहे. ती गुपचूप हाजींना पोचव. काही सांग. ह्यांना ताप होता, भ्रम झाला होता, काहीही. पोरीचं आयुष्य तुझ्या हातात आहे.

पुन्हा ता. क. डबा परत उघडला, जपमाळ काढून घेतली. आत्ताच हाजिया फौकिय्यांचा फोन आला. म्हणाल्या, “मण्यांची ती टकटक बंद झाल्यापासून हे माझं बोलणं ऐकायला लागलेत हो! अजिबात परत देऊ नका.” आणि हाजी मागून ओरडले, “दिलेलं जो खरंच घेतो, तो पोटात एक ओठात एक ठेवणार नाही. असा व्याही मला चालेल.” फातिहा गुरुवारी, तंत्यात, त्यांच्या घरी. अट एकच, चहा ह्यांच्या हातात द्यायचा नाही. निस्मा खोलीतून बाहेर आली आणि उरलेली सगळी कुनाफा तिने एकटीने खाल्ली.

आणखी एक. ईदच्या पत्रात तू लिहिलं होतंस, “आमचं घर तुमचंच आहे, कधीही या, सगळ्यांना घेऊन या, महिनाभर राहा.” ते ह्यांनी गेल्या मंगळवारी मंडळात वाचून दाखवलं. ‘सगळ्यांना’ या शब्दावर उस्ताद रऊफांचे डोळे पाणावले. आम्ही सगळे, मंडळासकट, येत्या बुधवारी निघतोय. तू ते नावाड्यासारखं लिहिलं असशील तर नाव आत्ताच खोल पाण्यात ने, कारण तुझे मेहुणे विजार गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर उभे आहेत.