नजर समोर ठेवा

१० जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सकाळी दुकान उघडलं. दिवे पुसले. पासपोर्टच्या फोटोला एक नवरा-बायको येऊन गेली. दुपारी कुणी नाही. संध्याकाळी तुझा फोन आला आणि तू म्हणालीस की मी नुसता हं-हं करतो, म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे.

तुमच्या त्या कॅरिबियन बेटावर येऊन राहायच्या वाटा तू कळवल्यास, त्या सगळ्या वाचल्या. पाहुणा म्हणून आलो तर काही महिन्यांत उठावं लागणार. कामाचा परवाना हवा तर तिथल्या मालकाने आधी दाखवायचं की असा माणूस बेटावर मिळतच नाही. माझ्यासारखा माणूस कुठेही मिळतो. पैसे गुंतवून थेट तिथलं नागरिक व्हायची वाट मेहुण्यांसाठी राखून ठेव, ते स्वप्नं मोठी बघतात. राहता राहिली घरच्या माणसाच्या आधाराने कायम राहायची परवानगी. त्यात माझ्या नावापुढे 'अवलंबून' असं लिहायचं आहे. उभ्या आयुष्यात मी कुणावर अवलंबून नव्हतो, एक तुझी वहिनी सोडली तर.

तिला जाऊन वर्ष होत आलं. खिडकीजवळ कॅमेऱ्याशेजारी तिचं स्टूल असतं, ते तिथेच आहे. गिऱ्हाईक त्याला अडखळतं, पण असू दे.

मेहुण्यांना नमस्कार. माया आहे तशी असू दे.

दादा

१५ जून

ती. दादास,
चिमणीचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा फोटो कुठेही वाकडा नाही, कडा कशा ओळंब्यात! धंद्याला जागलास. मजकूर मात्र वाकडा आहे.

'अवलंबून' या शब्दाचं एवढं मनावर घेऊ नकोस. इथे मी स्वतः तीन वर्षं त्याच रकान्यात होते, आणि या घरात कोण कुणावर अवलंबून आहे ते तुझे मेहुणे तुला खासगीत सांगतील. हॉटेलभरचे एसी दुरुस्त करणारा हा माणूस घरातला पंखा मला साफ करायला लावतो. ते म्हणाले की दादांना सांग, बुद्धिबळात मला हरवायला इथे कुणी उरलं नाही. खोटं आहे. माझ्या वॉर्डातले सगळे पेशंट त्यांना हरवून मोकळे झालेत.

आता कामाचं. परवाना कार्यालयातली बाई माझ्याकडे टाके काढायला आली होती. तिने सांगितलं की भावंडांना आपल्या आधारावर आणायची सोय जुलैअखेर बंद होते आहे. पुढे फक्त आई-वडील आणि मुलं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही, दादा. मग तू वर्षातून एकदा पाहुणा म्हणून यायचंस, आणि एरवी तिथे एकट्याने जेवायचंस. ते मला इथे बसून सहन होत नाही. मी अर्ज भरला आहे. तुझा फक्त एक फोटो हवा. आता फोटोवाल्याला फोटो जड जाऊ नये!

लोभ आहेच, तो हं-हं करून आटवू नकोस.

तुझी चिमणी

४ जुलै

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो परत आला. दुसराही आला. शेरा एकच, नजर समोर नाही. जन्मभर लोकांना या एका चुकीसाठी पुन्हा खुर्चीत बसवलं, आणि आता ही पाळी.

कारण मला माहीत आहे. तुझी वहिनी त्या स्टूलवर बसून गिऱ्हाइकाशी बोलायची. हनुवटी खाली घ्या, दात मिटा, लग्न ठरलंय का. माणूस सैलावायचा आणि साहजिकच तिच्याकडे बघत राहायचा. मग मी बटण दाबायच्या आधी ती म्हणायची की माझ्याकडे नाही, तिकडे बघा. दिवे तपासायला मीच खुर्चीत बसायचो, तेव्हा मलाही तेच म्हणायची. आता ते म्हणायला कुणी नाही, तर माझी नजर तिकडेच राहते. आपोआप फोटो निघायचं घड्याळी बटण लावून बसतो, भिंगाकडेच बघतो असं वाटतं, आणि फोटोत डोळे खिडकीकडे.

जुलैअखेर जमलं नाही तर तेच व्हायचं असेल असं समजू. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

दादा

९ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तेच व्हायचं असेल म्हणे! असं काही व्हायचं नाहीये. वहिनी असती तर तिने तुला कान धरून भिंगासमोर बसवलं असतं. समोरच्या गल्लीत मोबाइलवर फोटो काढून देणारा तो मोबाइलवाला आहे ना, ज्याच्या दुकानावरून जाताना तू मान फिरवतोस? त्याच्याकडे जा. तिथे तर वहिनी कधी बसली नव्हती.

मी तुझी खोली लावून ठेवली आहे. बुद्धिबळाच्या सोंगट्या मेहुण्यांनी आताच मांडल्यात, आणि एकटेच खेळून हरताहेत.

मी रागावले आहे, पण ते प्रेमातच मोज.

चिमणी

२४ जुलै

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

मोबाइलवाल्याकडे गेलो. त्याने खुर्ची रुमालाने पुसली, मला गुरुजी म्हणाला. फोटो काढला. घरी येऊन पाहतो तर डोळे पुन्हा बाजूला. परत जाऊन विचारलं की बाबा, तू टोकलं का नाहीस. तो म्हणाला की त्याला वाटलं, जुन्या लोकांची ती काही खास पद्धत असेल. मला बऱ्याच दिवसांनी हसू आलं. आता मान फिरवत नाही.

काल दुकानात बसल्या बसल्या वाटलं की नजर वळत नाही तर वळू नये. खुर्ची आणि मागचा पांढरा पडदा खिडकीच्या बाजूला फिरवला. तिच्या स्टूलवर दोन डबे रचून वर कॅमेरा ठेवला. ती बसली की तिचे डोळे यायचे तेवढीच उंची झाली. मग बसलो आणि जिथे बघायचं तिथेच बघितलं.

आज कार्यालयाचा निरोप आला. फोटो चालला, अर्ज मुदतीत धरला. 'अवलंबून'च्या खाली सही केली आहे. दुकान मोबाइलवाला चालवेल. विमानात स्टूल आणता येतं का, तेवढं मेहुण्यांना विचार. नाहीतर तिथे एक करून घेऊ.

भेटीपर्यंत माया राखून ठेव.

दादा

ता. क. अर्जाला एकच फोटो लागला. उरलेले कात्रीने कापले, कडा सारख्या केल्या, पाकिटात घातले. पाकिटावर माझंच नाव लिहून ते गिऱ्हाइकांच्या खणात ठेवलं. आता दिवे बंद करून शटर ओढतो.