फौजदाराची शेपटी

प्रिय बाईसाहेब,

तुझ्या शिवणवर्गातल्या मुलींनी तुला दिलेले हेच नाव वापरतो. तुझे पूर्ण नाव या वर्षी मला इतक्या अर्जांवर आणि दाखल्यांवर लिहावे लागले की त्याने आता तुला हाक मारल्यासारखे वाटत नाही. आणि मला तुला हाक मारायची आहे, तीही आवाज चढवून. मी तुझ्यावर विलक्षण रागावलो आहे.

विषय तुझ्या लाडक्या कुत्र्याचा, फौजदाराचा आहे. तू गेल्यानंतर त्याच्या दोन्ही कुशींवरचे केस विरळ होत गेले आणि पाहता पाहता त्या झुबकेदार शेपटीची दोरी झाली. अंग सुटले, कातडी काळवंडली, भर उकाड्यात तो शेगडीजवळ जाऊन पडू लागला. तुझ्या धाकट्या बहिणीने उंबऱ्यावरूनच निदान केले, "भाऊजी, मुकं जनावर ताईसाठी झुरतंय हो. तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त लागलंय." आणि त्याच श्वासात, "पण खरूज असली म्हणजे? माझी नातवंडं येतात इथे. रविवारच्या आत त्याला प्राण्यांच्या आश्रमात सोडा, नाहीतर आमचं येणं बंद." एकाच कुत्र्याला विरह आणि खरूज! समोरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी तर न विचारता गंधकाचे मलम आणून त्याला चोपडले. घरभर काडेपेटीच्या कारखान्यासारखा वास सुटला. केस मात्र उगवले नाहीत. पाण्याच्या प्रयोगशाळेत माझी हयात गेली. नमुना न घेता निष्कर्ष काढणाऱ्या माणसांची मला शिसारी येते, हे तू जाणतेस.

म्हणून मी त्याला पशुवैद्याकडे नेले. त्या तरुणाने शेपटी उचलून पाहिली आणि विचारले, "काका, याची गोळी कधीपासून बंद आहे?" मी विचारले, कसली गोळी? "थायरॉइडची. काकू तर दर महिन्याला न्यायच्या. तुम्हाला माहीत नव्हतं?"

हेच वाक्य मी या वर्षी दुसऱ्यांदा ऐकले. पहिल्यांदा ते इस्पितळाच्या बोळात, हृदयविकाराच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकले होते. तू आत होतीस, पांढऱ्या चादरीखाली. तुझे उपचार केव्हापासून चालू होते, हे एका परक्या माणसाने मला तेव्हा सांगितले. त्यांच्यासमोर मी मूर्खासारखा उभा होतो. आता कुत्र्याच्या डॉक्टरांसमोरही तसाच उभा राहिलो. "तुम्हाला कशाला उगाच ताप" हे तुझे आवडते वाक्य. ताप मला हवा होता, बाईसाहेब! नवरा मग असतो कशासाठी?

तो तरुण पशुवैद्य मात्र पद्धतशीर निघाला. कारण कळल्यासारखे असूनही तो गृहीत धरून चालला नाही. बारीक दातांच्या फणीने पिसवा शोधल्या, कातडी खरवडून खरजेचे किडे सूक्ष्मदर्शकाखाली धुंडाळले, बुरशीच्या तपासणीसाठी केस ठेवून घेतले, खाणे आणि साबण बदलला का ते विचारले, मग रक्त घेतले. खाज अजिबात नाही आणि दोन्ही बाजूंचे केस सारखेच गेलेले, तेव्हा दोष बहुधा शरीराच्या आतला, असे त्याने मला समजावले. अहवालाने ते खरे ठरवले. गोळी जन्मभर द्यायची. केस यायला काही महिने लागतील. दुखणे संसर्गाचे नाही. मी तो अहवाल तुझ्या बहिणीसमोर ठेवला. "म्हणजे तो झुरत नव्हता?" ती म्हणाली. बिचारीचा हिरमोडच झाला. फौजदार घरीच राहणार आहे.

आज तुझी शिवणाची भाड्याची खोली रिकामी केली. रिळांच्या खणात त्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. तू त्याला वर्गावर नेत होतीस, तेव्हा तिथेच देत असणार. पट्टीवरची एकेक गोळी शिस्तीत संपवलेली. आणि शेजारी तुझ्या हृदयाच्या गोळ्या. पाकिटावर पाकीट. एकाचेही सील फोडलेले नाही. कुत्र्याच्या घशात बोट घालून रोज गोळी उतरवणारी तू, स्वतःसाठी तुला पेलाभर पाणी ओतून घेता आले नाही? त्या औषधाने चक्कर येत होती का? टाके दिसेनासे होत होते का? की दुखणे अंगावर काढण्यात तुला मोठेपणा वाटत होता? मी खोलीत एकटाच ओरडलो. शेजारचा चांभार डोकावून गेला.

तुझ्या बहिणीची समजूत आहे की तू अचानक गेलीस, कोणाच्याच हाती काही नव्हते. त्या समजुतीवर ती सावरली आहे. ही पाकिटे मी तिला दाखवणार नाही. औषधांच्या दुकानात नष्ट करायला देऊन आलो. म्हणजे आता मीही तुझ्यासारखाच गप्प बसणार, आणि याचाच मला सर्वांत जास्त संताप आहे. या गोष्टीवरून भांडायला तुझ्याखेरीज मला कोणी उरलेले नाही, म्हणून हे पत्र. खोलीला कुलूप लावले. किल्ल्या मालकिणीला परत केल्या.

न निवळलेला,
तुझाच