डावीकडचं माप

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकली असशील. वर्षभरात दोन ओळी नाहीत आणि आज एकदम पत्र, तेही सायकलीच्या कपड्यांबद्दल. फोनवर तुला ऐकू येत नाही. तीस वर्षं शिलाई मशिनींच्या गोंगाटात काढल्यावर दुसरं काय होणार. आणि खेळाचे कपडे बेतण्यात तुझा हात धरणारं दुसरं कोणी मला माहीत नाही.

एप्रिलमध्ये आम्हा बायकांची सत्तर किलोमीटरची राइड आहे. डांबर नाही, सगळी खडी आणि माती. याला ग्रॅव्हल म्हणतात. मध्यंतरी सात महिने माझी सायकल भिंतीला टेकून होती, म्हणून चष्म्याच्या दुकानातल्या माझ्या सोबतिणी म्हणतात, एवढी घाई कशाला. मला मात्र जायचंच आहे.

जर्सीसाठी तीन दुकानं पालथी घातली. बायकांची म्हणून दाखवतात ती अंगाला चिकटते, पुरुषांची घ्यावी तर खांदे कोपरापर्यंत उतरतात. शिवाय डाव्या बाजूला कापड गोळा होतं आणि काखेखाली शिवण काचते. विकणाऱ्या मुलीने एक नंबर मोठी घ्या म्हणून सांगितलं. ती घातल्यावर मी दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखी दिसले. नेमकं काय बघून घ्यावी, ते लिही.

सवडीने लिही, पण विसरू नकोस, एवढंच मागणं.
तुझी,
भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चाळिशी ओलांडून पाच वर्षं झाली तरी तुझे पाय काही घरात ठरत नाहीत. असो.

दुकानात बायकांची म्हणून मिळते ती पुष्कळदा पुरुषांचीच लहान करून, रंग बदलून ठेवलेली असते. नंबर बघू नकोस, बेत बघ. आरशासमोर ताठ उभी राहून नाही, सायकलीवर बसतेस तशी वाकून बघ. पुढून आखूड हवी, नाहीतर पोटावर चुण्या पडतात. मागून लांब हवी, नाहीतर कंबर उघडी पडते. चेन खालपर्यंत उघडणारी घे. मागचे तीन खिसे जरा वर आणि घट्ट तोंडाचे हवेत, खडीवर धक्के बसले की सैल खिशातून किल्ल्या बाहेर उड्या मारतात. अगदी तलम कापड नको, झुडपात अडकलं की संपलं. काखेत शिवण चपटी हवी. तुला डावीकडेच काचतं म्हणजे तू वाकडी बसत असणार. अभ्यासालाही तशीच बसायचीस.

त्यापेक्षा मापं पाठव, मीच शिवते. दोन्ही बाजूंची वेगवेगळी घे, कुठलंही माणूस दोन्हीकडे सारखं नसतं. कारखान्यातला माझा साहेब कापडाचा तुकडा द्यायला नाही म्हणणार नाही.

एक मात्र मनात आल्यावाचून राहत नाही. आईच्या दुखण्यात तुला चार दिवसांवर रजा मिळाली नाही आणि सायकलीला मिळते. रागावू नकोस. थोरलीने बोलायचं नाही तर कोणी बोलायचं?

खुशाली कळवत जा, माया आहे तशीच ठेव.
तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मापं सोबतच्या कागदावर आहेत. शेजारणीकडून घेतली. खांद्यापासून छातीवरून कमरेपर्यंत उजवीकडे साडेसोळा इंच, डावीकडे पंधरा. लिहिताना चूक झालेली नाही, टेप दोनदा लावून पाहिली. तू त्याप्रमाणे बेत आणि कारण विचारू नकोस. चेन गळ्यापर्यंत बंद होणारी ठेव.

रजेचं लिहिलंस म्हणून सांगते. आईला पोटाचं दुखणं आहे, औषधाने उतार पडतोय, असंच तू प्रत्येक पत्रात लिहीत होतीस. मी आले तेव्हा तिचं बोलणं बंद झालं होतं. चार वर्षं मी याच हिशेबात आहे की कोणत्या पत्रावरून मी ओळखायला हवं होतं. मला तसं एकही सापडत नाही.

जास्त लिहीत नाही. हात भरून येतो.
तुझी,
भिंगरी


२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा कागद मी कापडावर ठेवला, खडू हातात घेतला आणि पुढे रेघ ओढता येईना. कारण विचारू नकोस म्हणालीस. विचारत नाही, मला ते ठाऊक आहे. माझ्या जुन्या मापांच्या वहीत आईचं पान आहे. उजवीकडे सतरा, डावीकडे साडेपंधरा. हाच दीड इंच.

आईला पोटाचं काही नव्हतं. जाण्याआधी चार वर्षं तिची डावी बाजू काढली होती. कॅन्सर होता. धाकटीला कळू द्यायचं नाही, अशी शपथ तिने मला घातली. तू यायचीस तेव्हा ती नीटनेटकी दिसावी म्हणून तिच्या प्रत्येक कपड्यात मी आतून कापसाची गादी शिवत होते. टाका इतका बारीक घालायचे की मिठी मारलीस तरी तुला कळलं नाही. लोक माझ्या हाताच्या सफाईचं कौतुक करतात. त्याच सफाईने मी तुला फसवलं.

याहून वाईट सांगायचं राहिलंय. शेवटच्या महिन्यात आईने स्वतःच शपथ मोडली. तिला बोलावून घे, म्हणून तिने मला तीनदा सांगितलं. मी लिहिलं म्हणून सांगायचे आणि लिहीत नव्हते. उष्टं-खरकटं, औषधपाणी सगळं मी काढलं, आता तू येऊन उशाशी बसणार आणि तिचे डोळे तुझ्यावरच लागणार, हे मला सोसेना. मग तू उशिरा आलीस म्हणून चारचौघांत तुला बोललेही मीच.

तू मला लेकीसारखी. माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. फक्त तब्येतीचं खरं काय ते लिही.
तुझी,
ताई


१६ मार्च

ती. ताईस,

तुझं पत्र चार दिवस दुकानातल्या खणात ठेवलं होतं. भिंगं घासताना दोन फुटली.

गाठ लागली तेव्हा मला वाटलं, हँडलवर जोर देऊन स्नायू धरला असेल. आठ महिने मी तेल चोळत राहिले. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात कोणाला होता का. मी छातीठोकपणे नाही म्हणाले. आईला होता हे ठाऊक असतं तर मी तेल चोळत बसले नसते. गेल्या जुलैत डावी बाजू काढली, मग औषधं चालली. आता बरी आहे, दर तीन महिन्यांनी तपासणी असते.

तुला कळवलं नाही, कारण तू म्हणशील आता बरी आठवण झाली, अशी धास्ती होती. जर्सीच्या निमित्ताने लिहिलं, कारण तेवढंच विचारायला मला तोंड होतं.

आईने तीनदा बोलावलं होतं, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते. तिला शेवटपर्यंत वाटलं असेल की बोलावूनही मी वेळेवर आले नाही. याचं काय करायचं, ते मला अजून कळत नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही.

एक काम कर. याच आठवड्यात जाऊन स्वतःची तपासणी करून घे. आई, मग मी. तू सुटशील असं धरून चालू नकोस. डॉक्टरांना सगळं खरं सांग.

एवढंच.
भिंगरी


५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तपासणी करून आले. सध्या काही नाही, दरवर्षी या म्हणाले. रिपोर्ट हातात घेऊन पायरीवर बसले आणि मला सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी लाजच वाटली.

जर्सी पाठवते आहे. आत कापूस घातलेला नाही. आधी घालणार होते, कापूनही ठेवला होता. मग विचार केला, पुन्हा तेच करायचं का? डावी बाजू तुझ्या अंगाप्रमाणे सपाट बेतली आहे, म्हणजे कापड गोळा होणार नाही. काखेखालची शिवण काढून मागे, पाठीकडे नेली. रंग विटकरी घेतला, धुळीत मळकट दिसत नाही. तीन वेळा उसवून चौथ्यांदा शिवली. डोळ्यांना आता दोरा दिसत नाही, आणि मधेच हात थांबायचा.

राइड कोणत्या दिवशी, तेवढं कळव. लांब उभी राहीन, बोलणार नाही.

तुझ्या मनात येईल तेवढंच प्रेम दे, कमी म्हणून कुरकुर करणार नाही.
तुझी,
ताई


२८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राइड गेल्या रविवारी झाली. सत्तरच्या सत्तर केले, सगळ्यांच्या शेवटी. पन्नासाव्यानंतर हात बधिर झाला, एका चढावर उतरून सायकल ढकलत नेली. जर्सी कुठे काचली नाही. पाण्याच्या ठिकाणी एका बाईने माझ्या छातीकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं आणि माझी बाटली भरून दिली.

तारीख मी तुला मुद्दाम कळवली नाही. तू मला आईपासून लांब ठेवलंस, मी तुला यापासून ठेवीन, असा हिशेब होता. शेवटच्या वळणावर सगळ्यांची माणसं उभी होती. कोणाचा नवरा, कोणाच्या मुली, एकीची म्हातारी सासूसुद्धा खुर्ची टाकून बसली होती. मी सायकलीवरून उतरले, तर ती धरायलाही कोणी नव्हतं. फेडून घेतल्याचं समाधान वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. तू आली असतीस, आणि मी येऊ दिलं नाही. हे आता माझ्याही वाट्याला आलं.

राग गेलेला नाही. जाईल का, तेही सांगता येत नाही. पुढच्या तपासणीला सोबतीला कोणी आणा, असं डॉक्टरीणबाई दरवेळी सांगतात, आणि मी दरवेळी एकटी जाते.

बुधवार, सात मे, सकाळी दहा वाजता. ही तारीख मात्र कळवते आहे.
भिंगरी