बेपत्ता नवऱ्याच्या आईस

अम्मी, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आज लेकीनं विचारलं, पहिल्या नवऱ्यापासून तू सुटलीस कशी? मी म्हणाले, कोर्टातून. बाकीचं तिला सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, ठाऊक आहे.

तुमचा मुलगा ट्रकवर जातो म्हणून बेलापुरातून निघाला तो परत आलाच नाही. मी आपल्या बांगड्यांच्या दुकानात बसून रडायची. तुम्ही एकदाच ओरडलात, "गिऱ्हाईकासमोर डोळं पुसू नको. रडायचं तर आत जाऊन रड." तिसऱ्या वर्षी रमजानात फोन आला. मी आत पीठ मळत होते. तुमचा दबका आवाज ऐकू आला, "कुठं हायस रं?" मग, "आन हिचं काय करू मी?" मी बाहेर आले तर म्हणालात, "राँग नंबर हुता." मी आत जाऊन पुन्हा पिठात हात घातले.

चार वर्षं भरली तशी तुम्हीच मला वकिलाकडं नेलंत. ते म्हणाले, नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर आपल्या कायद्यानं बाईला फारकत मागता येते. पण तो आज मेला असता तर वारस कोण, ती नावं अर्जात घालावी लागतात, त्यांना नोटीस जाते, त्यांचं म्हणणं कोर्ट ऐकतं. माझ्याखेरीज वारस तुम्ही एकट्याच. म्हणजे माझ्या दाव्यात समोर उभ्या राहणार तुम्ही.

कोर्टात तुम्ही साक्षीच्या कठड्याला धरून उभ्या आहात. साहेब विचारतात, "चार वर्षांत मुलाची काही खबर?" मी फरशीकडं बघते आहे. खरं बोललात तर दावा इथंच संपला. "न्हाई साहेब," तुम्ही म्हणता. "जित्ता हाय का मेला, काय बी ठावं न्हाई." बाहेर आल्यावर तुम्ही नळावर दोन-तीनदा चूळ भरलीत.

निकाल माझ्या बाजूनं लागला, पण तो लागू व्हायला सहा महिने होते. तेवढ्यात नवरा कोर्टात हजर झाला आणि बायकोला नीट नांदवतो असं त्यानं पटवून दिलं, तर सगळं रद्द. दारात मोटारसायकल थांबली तरी मी आधी फटीतून बघायची. पाचव्या महिन्यात फोन वाजला. तुम्ही नंबर बघितलात, माझ्याकडं बघितलंत, आणि फोन बंद करून उशीखाली सारलात. मुदत सरल्यावर माझा दुसरा निकाह नेवाशाला तुम्हीच ठरवलात. "जा आता," म्हणालात. "हिकडची काळजी करू नको."

तुमच्या शेवटच्या आठवड्यात मी आले होते. दिवसभर तुम्ही त्याचंच नाव घेत होता. "येकदा बोलू दे गं त्याच्याशी. तुज्या पाया पडते." तुमचा मोबाईल माझ्या हातात होता, त्यात त्याचा नंबर होता. निकाल पक्का होऊन वर्षं लोटली होती, त्याच्या येण्यानं माझं काहीच बिघडणार नव्हतं. मी दाराबाहेर गेले, थोडा वेळ उभी राहिले, आत आले आणि म्हणाले, "अम्मी, फोन लागत नाही."

मी लावलाच नव्हता.