तिसऱ्या दालनातलं वादळ

३ मार्च
आज संग्रहालयात सहा गट. सहा वेळा तेच वादळाचं चित्र! काळे ढग म्हणजे निराशा, खलाशाच्या हातातला उजेडाचा ठिपका म्हणजे आशा, बोटीमागचा तुटका दोर म्हणजे नियतीने तोडलेली नाती. अकरा वर्षं हेच सांगतेय. लोक माना डोलावतात, फोटो काढतात. पायांचे तुकडे पडलेत.

घरी दादा भिंतीकडे तोंड करून बसलेला. मासेमारीच्या बोटीवरून परतला त्याला सात महिने झाले. त्याचा जोडीदार वादळात बुडाला, तेव्हापासून ‘हं’ आणि ‘नको’, एवढंच. डॉक्टर म्हणतात, "वेळ द्या." कुठून आणू?

५ मार्च
दादाला ठेवण्यासाठी आश्रमात चौकशी करून आले. सोमवारी एक जागा रिकामी होतेय. लाज वाटते. पण मी थकलेय — खरंच थकलेय.

६ मार्च
दादाला सांगायला जीभच रेटली नाही.

७ मार्च
त्याच्याजवळ बसणाऱ्या शेजारच्या मावशी मुलीकडे गेल्या. मग दादाला कामावरच नेलं. गटाच्या मागे गुपचूप उभा होता. माझी पोपटपंची चालू — "हा खलाशी किनाऱ्याकडे बघतोय, ही घराची ओढ..."

"किनारा त्या बाजूला नाहीच," दादा म्हणाला. मोठ्याने! "लाटा बघ कुठे चालल्यात. तो पाण्यातल्या माणसाकडे बघतोय. आणि दोर तुटला नाहीये. कापलाय."

पंचवीस माणसं वळून त्याच्याकडे बघायला लागली. मी हसून कशीबशी वेळ मारून नेली.

सगळे गेल्यावर चित्राला नाक लावून पाहिलं. दोराचं टोक सरळ. खलाशाच्या मुठीत सुरी. तिच्या पात्याच्या चमकेला मी अकरा वर्षं आशा म्हणत होते!

८ मार्च
"परत ने," दादा स्वतःहून म्हणाला. दालन उघडायच्या आधी गेलो. चित्रासमोर उभं राहून त्याने सगळं सांगितलं. जोडीदार जाळ्याच्या दोरात अडकून पाण्यात पडला. जाळं बोटीला खाली ओढत होतं. बोटीवर आणखी चौघं. "मीच दोर कापला गं. तो माझ्याकडे बघत होता."

हात धरला त्याचा. दोघंही रडलो.

९ मार्च
सकाळी बघते तर दादा दाढी करून, बूट घालून तयार. जोडीदाराच्या बायकोला बोटीवरच्या सगळ्यांनी ‘लाटेने नेला’ एवढंच सांगितलंय. "खरं सांगून येतो. पोलिसांत द्यायचं का, ते तिने ठरवावं."

आश्रमाला नको म्हणून कळवलं. मीही निघतेय त्याच्यासोबत.