चिमणीचा धूर

सोमवार, ५ जानेवारी, नाशिकरोड

नाताळची सुट्टी संपली. आता चौथीसाठी ‘हवा’ हा नवा घटक आखायला बसलेय. सकाळी वर्गात सहज विचारलं, “एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर बंद झाला तर काय होईल?” मला उत्तर हवं होतं, हवा स्वच्छ होईल. पहिल्या बाकावरची श्रावणी म्हणाली, “मॅडम, माझे पप्पा घरी बसतील.”

कोणीच हसलं नाही. निम्म्या वर्गाचे पप्पा तिथेच कामाला. मी वळून फळा पुसला. का पुसला? त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

मुख्याध्यापक म्हणाले, “प्रश्नच बदला.” नाही बदलणार. पाठाच्या टाचणात तोच प्रश्न लिहिला. समोर ‘अपेक्षित उत्तर’ हा रकाना. कोराच. त्या फळ्यासारखा.

शेवटी श्रावणीचं उत्तर लिहिलं. माझं त्याच्याखाली.